गुणाकाराच्या तीन ओळी

तमाम मायबाप वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, परभणी शहरातल्या एका छापखान्यात कित्येक वर्षं एकही गुणाकार छापला गेला नव्हता. जी छापली गेली ती सगळी बेरीज होती. याची खबर जिल्हा प्रशासनाला नव्हती, शिक्षण खात्याला नव्हती, आणि ज्या मशीनमधून ही बेरीज बाहेर पडत होती ते मशीन सांभाळणाऱ्या बाईंनाही नव्हती. त्या बाई म्हणजे मी. कृपया कुणी उभं राहू नये. बसूनच वाचावं, मामला लांबलचक आहे.

माझं नाव मंगल. अंध मुलांच्या एका शाळेला जोडून आमचा ब्रेल छापखाना आहे. छापखाना म्हटलं की लोकांना शाईचा वास आठवतो. आमच्याकडे शाई नाहीच. दोन खोल्या, एक संगणक, जाड कागदाचे गठ्ठे आणि एक ठोकणारं मशीन. ते सुरू झालं की पत्र्यावर गारा पडतायत असं वाटतं. कोरा कागद आत जातो आणि कोराच बाहेर येतो, फक्त त्याच्या अंगावर टिंबं उठलेली असतात. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस बराच वेळ मशीनसमोर उभा राहिला. शेवटी त्याला राहवेना. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, शाई संपलीय तुमची. कवापासून कोरेच कागद काढायलात."

त्याआधी मी लग्नपत्रिका जुळवत होते. पंधरा ओळींत तीस मामांची नावं बसवायची आणि एकही मामा रुसू द्यायचा नाही, ही माझी विद्या. शिवाय गल्लीतल्या गणपतीपुढं नाटकात कामं केलेली, त्यामुळं आवाज खणखणीत. ब्रेलच्या धंद्यात या दोन्हींचा काही उपयोग नाही असं मला सांगण्यात आलं होतं. पुढं तेच खरं निघालं.

ब्रेल म्हणजे काय ते अंड्याच्या खोक्यावरून सांगते. सहा अंड्यांचा छोटा खोका घ्या आणि उभा धरा. डावीकडं तीन खाने, उजवीकडं तीन. कुठल्या खान्यात अंडं आहे आणि कुठला रिकामा, यावरून अक्षर ठरतं. बस, एवढंच. क, ख, ग, आकडे, स्वल्पविराम, सगळं याच सहा खान्यांत. आता हे ऐकायला सोपं आहे म्हणून लोकांना वाटतं की ब्रेल आपल्याला कळलं. एका गावच्या सरपंचांनी ग्रामपंचायतीसाठी ब्रेल पाटी करून नेली. फार हौसेनं नेली. महिन्यानं मी त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम बघायला थांबले, तर पाटी दरवाजाच्या वर, छताला लागून, काचेच्या फ्रेममध्ये. मी म्हटलं, सरपंच, ही हातानं वाचायची असते. ते म्हणाले, "म्हणून तर काच लावली. कुणी हात लावला तर खराब हुईल न्हाई का?"

तर धंद्यातली एक गोष्ट आता नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. संगणकाला ब्रेल येत नाही. त्याच्याजवळ एक तक्ता ठेवावा लागतो. तक्त्यात एका ओळीत एक चिन्ह: क आला तर ही टिंबं उठव, टक्क्याची खूण आली तर ही. मला तो तक्ता लग्नातल्या मानपानाच्या यादीसारखा वाटतो. कुणाला टोपी, कुणाला फेटा, कुणाला उपरणं. मजकुरातलं चिन्ह दारात आलं की संगणक यादी बघतो, त्याचा मान त्याला देतो आणि पुढं पाठवतो. आता समजा, एकाच पाहुण्याचं नाव यादीत दोनदा आलं, वर टोपी आणि खाली फेटा. माणूस असेल तर घरात येऊन विचारील, अहो, ह्यांना नेमकं काय द्यायचं? आमचा संगणक विचारत नाही. वरून खाली येताना जिथं पहिल्यांदा नाव सापडलं तिथं तो थांबतो आणि टोपी देऊन मोकळा होतो. खालचा फेटा घडीही न मोडता तसाच पडून राहतो. आणि यजमान मांडवात सगळ्यांना सांगत फिरतो, पाहुण्यांना फेटा बांधला बरं का.

आमचा तक्ता मूळचा गुरुजींचा. गुरुजी शाळेत ब्रेल शिकवायचे, निवृत्त होऊन आता पाथरीला असतात. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा सगळे हात मागं बांधून लांब उभे राहिले होते म्हणे. गुरुजी खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि एका बोटानं सगळा तक्ता भरला. अक्षर अन् अक्षर, खूण अन् खूण. त्यांच्या जिवावर परभणीत मराठी ब्रेल छापलं जाऊ लागलं. ही गोष्ट छोटी नाही, आणि ती कुणी विसरलंही नाही. म्हणून त्या खुर्चीवर जो नवा माणूस आला त्याला पहिल्या दिवशी एकच कायदा सांगण्यात आला: गुरुजींच्या ओळीला हात लावायचा नाही. काही सुधारणा सुचली तर तक्त्याच्या शेवटी आपली ओळ जोडायची, पुढं आपलं नाव लिहायचं.

आमच्याकडची ही रीतच आहे. मोठ्यांचं लिहिलेलं कुणी खोडत नाही. सातबाऱ्यावरसुद्धा जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आम्ही कंसही केला नाही. खाली नवी ओळ जोडत राहिलो. गुरुजींची वस्ती वर, आणि खाली आमची नवी वसाहत.

आता सोपानराव. सोपानराव आमचे तपासनीस. जन्मापासून अंध, आमच्याच शाळेत शिकलेले, गुरुजींचे विद्यार्थी. मशीनमधून निघालेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. त्यांचं टेबल खिडकीशी, उजेडासाठी नव्हे, वाऱ्यासाठी. त्यांचा एक ठाम समज आहे की डोळस माणसांना अक्कल उशिरा येते, कारण त्यांचा निम्मा वेळ बघण्यात जातो. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाई, लाइट गेल्यावर तुमी काय करता?" मी म्हटलं, मेणबत्ती शोधते. ते म्हणाले, "कशानं शोधता?" आणि दिवसभर स्वतःशीच हसत बसले.

एखादं टिंब चुकीचं उठलं असेल तर ते अंगठ्याच्या नखानं घासून सपाट करायचं, आणि जिथं हवं तिथं कागद उलटा करून, खाली जाड रबराचा तुकडा घेऊन, लाकडी मुठीच्या बोथट सुईनं नवं टिंब उठवायचं. हे काम सोपानराव इतक्या झपाट्यानं करत की मला ती टकटक घड्याळासारखी वाटायची. गणिताचं पुस्तक असलं की टकटक जास्त. मला वाटायचं, मशीन जुनं आहे, कुठं ठोका कमी पडत असेल, ते भरून काढत असतील. तुम्ही नेमकं काय दुरुस्त करताय, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. घड्याळाला कोण विचारतं?

मग आली कौसल्या.

कौसल्या झरीच्या पुढच्या एका वस्तीवरची. घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडी जमीन. ती आमच्याच शाळेत दहावीपर्यंत होती, पुढचं शिक्षण घरून. संध्याकाळी कळप घरी आला की पाठीवर हात फिरवत मोजून घ्यायचं काम तिचं. एखादं करडू मागं राहिलं तर तिचा भाऊ डोळ्यांनी शोधायच्या आधी हिला मोजून कळलेलं असायचं. बोलायला फटकळ. शाळेत असताना तिनं स्वयंपाकघरात जाऊन वरणात डाळ आहे का हे विचारल्याची कथा अजून सांगतात.

तिला बँकेतल्या कारकुनाची परीक्षा द्यायची होती. मागच्या वेळी गणिताचं पुस्तक तिच्या हातात पडलं तेव्हा परीक्षा होऊन गेलेली. आता वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे ही एकच संधी, यानंतर दार बंद. ती आमच्याकडं आली, सरावाचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, ह्या टायमाला येळेवर द्या. न्हाईतर मी इथंच ऱ्हायला येते आणि तुमचं डोकं खाते."

मी रात्रीचा दिवस वगैरे केला नाही, पण मनापासून केलं. आणि नेमके त्याच वेळी सोपानराव पाथरीला भाच्याच्या साखरपुड्याला गेले आणि जीपमधून उतरताना पडले. उजव्या मनगटाला प्लॅस्टर. ते म्हणाले, मी बराबर उतरलो, जीप चुकीच्या उंचीवर उभी होती. ते कामावर येऊन बसायचे, पण प्लॅस्टरमधल्या हातानं सुई कशी धरणार? ते म्हणत होते, थांबा, थोडं थांबा. मी म्हटलं, पोरीची परीक्षा तोंडावर आहे. मशीन बरं चाललंय, एखाददुसरं टिंब कमीजास्त असलं तर ती समजून घेईल. सोपानराव काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. हे थांबणं माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं हात दुखत असेल.

पुस्तक गेलं. मी फार खूश होते. तपासनीस नसताना पहिलं पुस्तक वेळेवर दिलं म्हणून स्वतःच स्वतःला चहा पाजला.

आठवडाभरानं कौसल्या आईला घेऊन परत आली. पुस्तकाची पिशवी टेबलावर ठेवली. आवाज नेहमीचा नव्हता. खाली बसली आणि म्हणाली, "हे ठेवून घ्या मावशी. दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला गणित येत न्हाई."

मी म्हटलं, असं कसं? तुला तर येतं.

"मला बी वाटायचं. पदावलीचं एक बी उत्तर जुळंना. कंचेभागुबेव तोंडपाठ हाय, तरी जुळंना."

ज्यांची शाळा मागं राहिली त्यांच्यासाठी सांगते: एकाच गणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं आलं की आधी काय सोडवायचं याचा क्रम असतो. आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. तो लक्षात राहावा म्हणून पहिली अक्षरं जोडून केलेला हा मंत्र. अशा गणिताला पदावली म्हणतात.

तिची आई मधेच म्हणाली की पोरगी चार दिवस नीट जेवली नाही, कळप मोजताना पण दोनदोनदा मोजायलीय. मी म्हटलं, एक वाचून दाखव बरं. तिनं पान उघडलं, बोट फिरवलं.

"सात अधिक पाच अधिक दोन. मी चौदा म्हणते. मागं छापलंय सतरा. आता छापलेलं कसं चुकंल? माझंच चुकत असंल."

खिडकीजवळून आवाज आला. सोपानराव हात गळ्यात अडकवून बसले होते. पान त्यांनी हातातही घेतलं नव्हतं.

"दुसरं अधिक न्हाई ते. गुणिले हाय. पाच दुणे दहा आणि सात, सतरा."

मी विचारलं, तुम्ही न वाचता कसं सांगता?

"आपल्या मशीनला गुणिले येत न्हाई बाई. कवाच येत न्हवतं. मीच करतो."

वाचकहो, नाटकात अशा वेळी पडदा पडतो आणि बाहेर बटाटेवडे मिळतात. इथं तशी सोय नव्हती. मी खाली बसले आणि सगळं विचारून घेतलं. ब्रेलमध्ये अधिकची खूण आणि गुणिलेची खूण यांच्यात एका टिंबाचा फरक. अधिकमध्ये उजव्या रांगेतलं मधलं टिंब, गुणिलेमध्ये उजव्या रांगेतलं खालचं. बाकी सगळं तेच. एका बोटानं तक्ता भरताना गुरुजींचं बोट एक घर वर पडलं होतं. तेव्हापासून मशीन प्रत्येक गुणिलेला अधिक ठोकत होतं. आणि सोपानराव प्रत्येक गुणिलेचं मधलं टिंब नखानं घासून खालचं टिंब उठवत होते. प्रत्येक गणिताच्या, प्रत्येक पुस्तकाच्या, प्रत्येक प्रतीच्या, प्रत्येक पानावर.

कौसल्या म्हणाली, "मग मामा, सांगितलं का न्हाई?"

सांगितलं होतं. माझ्या आधी त्या खुर्चीवर दोघं जण होऊन गेले. पहिल्याला सोपानरावांनी सांगितलं, त्यानं कायद्याप्रमाणं शेवटी नवी ओळ जोडली आणि झालं म्हणून सांगितलं. पुढच्या पुस्तकात पुन्हा अधिकच. दुसरा आला, त्याला सांगितलं, त्यानंही ओळ जोडली आणि तोही झालं म्हणाला. पुन्हा अधिकच. मग सोपानरावांनी आपल्या मनाशी अर्थ लावला की या लोकांना बदलायचंच नाही. गुरुजींचा शब्द ठेवायचाय. आणि हा विचार त्यांना मनापासून पटला, इज्जतीचा वाटला. म्हणून मी आले तेव्हा त्यांनी मला काही सांगितलंच नाही. ते दोघं समजत राहिले की आपली ओळ चालते, कारण बाहेर जाणारं प्रत्येक पुस्तक बिनचूक होतं. बिनचूक होतं ते सोपानरावांच्या नखामुळं. सगळे एकमेकांचा मान राखत होते आणि कुणीही कुणाला विचारत नव्हतं.

मी तक्ता उघडला. आमच्या प्रोग्रामला तक्ता तपासायला सांगता येतं, पण ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच घरातली भांडणं मुद्दाम कोण ऐकतं? मी बटण दाबलं आणि रुसलेल्या आत्याबाईंनी तोंड उघडावं तसं ते सुरू झालं. हे चिन्ह वर आलेलं आहे. हे चिन्ह वर आलेलं आहे. हेही वर आलेलं आहे. गुणिलेच्या तीन ओळी होत्या. वर गुरुजींची, चुकलेली. खाली दोन, दोन्ही अगदी बरोबर, दोन्ही नावानिशी, आणि दोन्ही जन्मात कधी वाचल्या न गेलेल्या. माझ्याही काही ओळी तिथं गाढ झोपलेल्या सापडल्या. त्यांच्यासाठी मी चौकशी समिती नेमलेली नाही.

"मग वरची काढून टाका की," कौसल्या म्हणाली.

मी सोपानरावांकडं बघितलं. त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. म्हणाले, "गुरुजींची ओळ हाय ती."

"आणि माझी परीक्षा?"

मग मीच ठरवलं. गुरुजींना फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा पाथरीला जायचं आणि समक्ष परवानगी काढायची. कौसल्याच्या आईला शेळ्यांकडं परतायचं होतं. ती झरीच्या गाडीत बसली आणि पोरीला माझ्या हवाली करून गेली. आम्ही तिघं पाथरीच्या जीपमध्ये. मी वाटेत भाषणाची तालीम करत होते. गुरुजी, आपण लावलेलं रोप आज वटवृक्ष झालंय, इथून सुरुवात. सोपानराव म्हणाले, "वटवृक्षाच्या कोणत्या फांदीला कुऱ्हाड लावायची ते कवा सांगणार?"

गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. आम्हाला बघून इतके आनंदले की माझा वटवृक्ष घशातच राहिला. चहा झाला. डोळ्यांच्या ऑपरेशनची हकिगत झाली. सोपानच्या हाताची चौकशी झाली, जीपच्या उंचीवर चर्चा झाली. पोहे झाले. पुन्हा चहा झाला. मी दोनदा "तक्ता" एवढंच म्हणाले आणि दोन्ही वेळा तक्ता फार सुंदर आहे असं म्हणून बसले. सोपानरावांनी तर तक्त्याची अशी स्तुती केली की मला वाटलं आता त्याचा सत्कारच ठरतोय. कौसल्या गप्प होती. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी गुरुजींनीच विचारलं, "तुम्ही काय सांगायला आलात ते सांगा. मास्तर होतो मी. गृहपाठ न केलेली मुलं मला लांबून ओळखू येतात."

सोपानराव उठून उभे राहिले. विद्यार्थी उभा राहतो तसे. म्हणाले, "गुरुजी, गुणिलेचं खालचं टिंब वरच्या घरात गेलंय."

"कधीपासून?"

"पैल्यापासून."

गुरुजींचा चेहरा उतरला. पुस्तकं किती गेली असतील याचा हिशेब ते करत होते हे दिसत होतं. हळू आवाजात म्हणाले, इतक्या मुलांच्या हातात चूक गेली.

"न्हाई गेली. मी पुसत होतो. बाहेर एक बी न्हाई गेली, ह्या पोरीचं पुस्तक सोडून."

"मग मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुमीच तर ब्रेल शिकवलं मला. मी तुम्हाला कसं सांगू?"

गुरुजींची नजर सोपानरावांच्या अंगठ्यावर गेली. नख झिजून सपाट झालेलं. मी इतकी वर्षं शेजारी बसून ते बघितलं नव्हतं, याची मला आज लाज वाटते.

"सोपान," गुरुजी म्हणाले, "मी तुला ब्रेल शिकवलं ते वाचायला. माझं झाकायला नाही." आणि आत जाऊन टोपी घालून आले. म्हणाले, चला. ओळ माझी आहे, मीच काढतो.

इथं थोडं पुढचं सांगून घेते, म्हणजे धंद्याचा भाग संपेल. त्या तक्त्याची साफसफाई नंतर कित्येक दिवस चालली. जिथं दोन ओळी सारख्याच होत्या तिथं एक ठेवली. जिथं भांडण होतं तिथं दोन्ही छापून सोपानरावांच्या हाताखाली ठेवल्या आणि त्यांनी बोट ठेवलं ती राहिली. हरलेली ओळ मी पुसली नाही. ओळीच्या आधी एक खूण टाकली की संगणक ती ओळ वाचत नाही, माणसाला मात्र दिसते. त्यापुढं कुणाची आणि का काढली ते लिहिलं. म्हणजे शेवटी आम्ही सातबाऱ्यासारखा कंस केला. आता नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी नवा कायदा सांगते: ओळ जोडायच्या आधी वर बघ, आणि जोडल्यावर सोपानरावांना विचार.

पण गुरुजींनी त्यांच्या ओळीला असली खूण लावू दिली नाही. संध्याकाळी छापखान्यात येऊन ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि त्याच एका बोटानं ओळ खोडायला लागले. एकेक अक्षर. खोडता खोडता खालच्या ओळीची चार अक्षरंही खाऊन टाकली. ती मी त्यांची नजर चुकवून परत भरली.

आता छापून बघायचं होतं. पूर्ण पुस्तक नंतर, आधी एक ओळ. गुरुजींना चांगलाच उत्साह आला होता. म्हणाले, मी गणित घालतो, मंगल, तू टाइप कर, आणि ही मुलगी वाचेल. त्यांनी सांगितलं: सहा अधिक आठ गुणिले चार. मी टाइप केलं. मशीननं गारा पाडल्या. मी कागद कौसल्याच्या हातात दिला.

तिनं बोट ठेवलं. अधिकवरून पुढं गेलं, गुणिलेवर आलं आणि तिथं थांबलं. पुन्हा मागं जाऊन पुन्हा आलं. सोपानरावांनी डावा हात पुढं केला, त्यांनीही त्या खुणेवर बोट फिरवलं, आणि न बोलता हात मागं घेतला. त्यांना करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

कौसल्याचे ओठ हलत होते. ती काही बोलायच्या आत गुरुजींनी टेबलावर थाप मारली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "छप्पन."

मी मनात केलं. आठ चोक बत्तीस, आणि सहा, अडतीस. गुरुजींनी आधी बेरीज केली होती. सहा आणि आठ चौदा, चौदा चोक छप्पन. मी पंख्याकडं बघायला लागले. सोपानरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या खोलीत इतकी वर्षं जी शांतता होती तीच पुन्हा येऊन बसली, आणि खरं सांगते, आम्हाला ती सवयीची होती. आम्ही दोघंही छप्पन मान्य करून घरी गेलो असतो.

कौसल्याचा चेहरा मात्र पडला. पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा होता तसाच. "अडतीस," ती अगदी हळू म्हणाली.

"छप्पन, बाळा," गुरुजी प्रेमानं म्हणाले.

तिनं परत कागदावर बोट ठेवलं. सहा. अधिक. आठ. गुणिले. चार. पुन्हा एकदा, सावकाश, शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. मग मान वर केली, आणि शेजारच्या वर्गापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई गुरुजी, चुकलं तुमचं."